ब्रेक ऑइल किती दिवसांनी बदलावं, आणि बदलताना घोळ कुठे होतो

सर्व्हिसिंगच्या बिलावर 'ब्रेक ऑइल टॉप-अप' अशी ओळ दिसली की बरेच जण निर्धास्त होतात. टॉप-अप म्हणजे ऑइल बदलणं नव्हे, आणि बहुतेक वेळा तो करायलाच नको असतो. पॅड झिजले की कॅलिपरचा (चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन पुढे येतो, त्याच्या मागची वाढलेली जागा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतल्या ऑइलने भरते आणि पातळी उतरते. म्हणून पातळी उतरलेली दिसली तर आधी पॅड बघा. पॅड जाड असतील तर गळती शोधा. नुसतं वरून ओतलं तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि जादा ऑइल उतू जाऊन बॉनेटखालचा रंग उचकटतो.

आता मूळ प्रश्न: किती दिवसांनी? दोन वर्षांनी. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 'दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटर, जे आधी होईल ते' असं असतं आणि लोक त्यातला फक्त किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवतात. सदाशिव पेठेत आठवडाभर उभी राहून रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीचंही ऑइल खराब होतं. हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. ती टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधून आत झिरपते, गाडी चालो वा न चालो.

या पाण्याने होतं काय? डॉट 4 ऑइल (डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे) ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 मध्ये ती 205 वरून 140 वर घसरते. सिंहगडाचा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, खालच्या गिअरला टाकलंच नाही, तर कॅलिपर तापतो, आतलं ऑइल उकळतं आणि वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. शिवाय पाण्यामुळे कॅलिपरचे आणि एबीएसचे (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) भाग आतून गंजतात, तो खर्च वेगळा.

रंग बघून ठरवू नका. काळं पडलेलं ऑइल बदलाच, पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असतं.

टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच ऑइल, सीलबंद बाटलीतलं घ्या. नाना पेठेत सहज मिळतं. एक लिटर लागेल असं धरा. अर्ध्या लिटरची एक बाटली शेवटच्या चाकाला दगा देते. डॉट 5 आणि डॉट 5.1 ही भावंडं नव्हेत: 5 सिलिकोनचं असतं, ते इतरांत मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल एक थेंबही नको, सगळे रबरी सील फुगतात.

बाकी काही करण्याआधी चारही निपल (चाकापाशी ऑइल बाहेर काढायचे छोटे स्क्रू) सुटतात का ते पाहा. पावसाळे खाल्लेल्या गाडीत मागच्या ड्रमचे निपल जाम असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारा, सहा कोनी सॉकेट लावा, आधी किंचित आवळा, मग सोडवा. हलत नसेल तर थांबा. निपल मोडला तर व्हील सिलिंडरच बदलावा लागतो.

टाकीतलं जुनं ऑइल मेडिकलमधल्या मोठ्या सिरिंजने काढा, पण तळ उघडा पडू देऊ नका. नवं भरा. उजव्या हाताच्या स्टिअरिंगला सहसा चालणारा क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

खरा घोळ यापुढे होतो, पेडलवर बसलेला आणि निपलपाशी बसलेला यांच्यात. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. निपलवाला म्हणतो "दाब". पेडलवाला सावकाश दाबतो आणि म्हणतो "धरला". मग निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचा. पेडल खाली जातं, ऑइल नळीत येतं. पाय अजून खालीच असताना निपल बंद करायचा आणि त्यानंतरच म्हणायचं "सोड". निपल उघडा असताना पाय वर आला तर हवा आत ओढली जाते आणि केलेली मेहनत वाया जाते. "मला अंदाज आहे" म्हणणारा मदतनीस बदला. भराभर पंप करायला लावणारा सल्लाही सोडून द्या, त्याने फेस होतो.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. याचा कंटाळा हमखास केला जातो आणि तोच सर्वांत महाग पडतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडलमागे दाब तयार करणाऱ्या भागाचा) पिस्टन पूर्ण खोलवर जात नाही, त्यामुळे पुढच्या भागात गंज-घाण साचलेली असते. ब्लीडिंग करताना, म्हणजे निपलमधून असं ऑइल काढताना, पेडल तळाला गेलं की सील त्या घाणीवरून घासतं आणि काही दिवसांत मास्टर सिलिंडर दाब धरेनासा होतो.

दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरू शकते आणि मग बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावूनच ती काढावी लागते. नळीत बारीक बुडबुडे थांबतच नसतील तर घाबरू नका; निपलच्या आट्यांतूनही हवा येते. निपल कमी उघडून बघा. निपल बंद करून पेडल टणक लागत असेल तर लाइन ठीक आहे.

नळीत ताज्या रंगाचं ऑइल आलं की पुढचं चाक. क्लच हायड्रॉलिक असेल आणि टाकी सामाईक असेल तर त्याचंही काढा.

निपलवर रबरी टोप्या बसवा, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. इंजिन बंद असताना पेडल टणक हवं. चालू केल्यावर ते थोडं खाली जाऊन थांबलं पाहिजे. मिनिटभर दाबून धरल्यावरही बुडत राहिलं तर गाडी बाहेर काढू नका. पहिली चक्कर सोसायटीच्या आवारातच, चालण्याच्या वेगाने.

जुनं ऑइल गटारात नको. इंजिन ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या बाटलीत गॅरेजला द्या. उघडलेल्या बाटलीतलं उरलेलं दोन वर्षांनी वापरायला ठेवू नका, तेही तोवर पाणी पिऊन बसतं. टाकीवर चिकटपट्टी लावून महिना आणि साल लिहून ठेवा.