ऑफिसच्या पॉलिसीतून मनाच्या उपचारांचे पैसे कसे मिळवायचे

दोन वर्षांपूर्वी माझी झोप पूर्ण उडाली होती, रात्री तीन-साडेतीनला टक्क जाग यायची, छातीत धडधड, आणि सकाळी साडेनऊच्या कॉलला कॅमेरा बंद ठेवून बसायचं. असे चार महिने काढले. आणि ते चारही महिने माझ्या ऑफिसच्या मेलमध्ये फुकट काउन्सेलिंगचा नंबर पडून होता, जॉइन झाले त्या आठवड्यात आलेला, उघडलाच नव्हता. म्हणून हे लिहितेय. आत्ता ज्यांना त्रास होतोय त्यांच्यासाठी तर आहेच, पण ज्यांचं सगळं बरं चाललंय त्यांनी आधी वाचा, कारण मन थाऱ्यावर नसताना पॉलिसीची चाळीस पानी पीडीएफ वाचून होत नाही, खरंच होत नाही.

तर पहिलं काम, मेलमध्ये ‘ईएपी’ सर्च करा. एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम. कंपनी बाहेरच्या एखाद्या संस्थेला पैसे भरते आणि आपल्याला ठरावीक सेशन्स फुकट मिळतात, कुठे चार, कुठे सहा, काही ठिकाणी घरच्यांनाही चालतात. मेल सापडला नाही तर एचआरला एवढंच विचारा की आपल्याकडे ईएपी आहे का आणि नंबर काय, कशासाठी हवंय ते सांगायची गरज नाही. सगळ्यांच्या मनात प्रश्न एकच असतो, ऑफिसात कळेल का? साधारणपणे कंपनीला फक्त आकडा जातो, या तीन महिन्यांत इतक्या जणांनी फोन केला असा, नावं जात नाहीत. तरी गृहीत धरू नका, पहिल्याच कॉलला स्पष्ट विचारा की माझ्या कंपनीला नेमकं काय कळवता. आणि बुकिंग स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या ईमेलवरून करा, ऑफिसचा लॅपटॉप त्यासाठी वापरू नका.

माझं पहिलं सेशन मी हिंजवडीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केलं. काचा वर, एप्रिलचं ऊन, आणि वॉचमनकाका दोनदा येऊन वाकून बघून गेले की मॅडम बऱ्या आहेत ना. मला पहिली पाच मिनिटं बोलताच येईना. पलीकडच्या बाई म्हणाल्या, घाई नाही, आधी पाणी प्या. बस, तिथून सुरू झालं.

ज्यांच्या कंपनीत असलं काही नाहीच त्यांनी टेली मानसला फोन करावा, १४४१६, केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील तर खालचं काही वाचत बसू नका, आधी हा फोन लावा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

आता पैशांचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ मध्ये सरळ लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. मग विमा नियामक आयआरडीएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये सगळ्या विमा कंपन्यांना तसं कळवलं आणि २०२२ मध्ये पुन्हा मुदत घालून बजावलं. म्हणजे डिप्रेशन किंवा बायपोलरसाठी ॲडमिट व्हावं लागलं तर ‘मानसिक आहे म्हणून नाही’ हे उत्तर चालत नाही. पण मेख अशी की ग्रुप पॉलिसी, म्हणजे ऑफिसने सगळ्यांसाठी मिळून घेतलेला विमा, बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच पैसे देते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना लागतं काय, तर महिन्यातून दोनदा डॉक्टर आणि गोळ्या. तो खर्च ओपीडीत, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांत येतो. त्यामुळे पीडीएफमध्ये ‘ओपीडी’ शब्द शोधा, असेल तर लिमिट किती आणि त्यात सायकियाट्रिस्ट नि थेरपी दोन्ही धरलंय का ते बघा. दरवर्षी रिन्यूअलच्या वेळी थोडे पैसे भरून ओपीडीचा टॉप-अप घ्यायचा पर्याय काही कंपन्या देतात, त्याची विंडो दहा-पंधरा दिवसच उघडी असते, तो मेल चुकवू नका.

बिलात माझे पैसे अडकले ते सांगते म्हणजे तुमचे अडकणार नाहीत. क्लिनिकने दिलेल्या पावतीवर फक्त तारीख आणि ‘कन्सल्टेशन १५००’ एवढंच होतं, अशा सहा पावत्या मी पाठवल्या आणि सहाही परत आल्या. पावतीवर डॉक्टरांचं नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर, सही-शिक्का आणि तुमचं पूर्ण नाव पाहिजे, सोबत त्याच तारखेचं प्रिस्क्रिप्शन. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढे शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे थेरपी घेत असाल तर त्यांचा आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर पावतीवर घ्या, आणि शक्य असेल तर सायकियाट्रिस्टकडून ‘थेरपी घ्यावी’ असं प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या, माझा पुढचा क्लेम त्या एका ओळीमुळे पास झाला. बाहेर पडायच्या आधी काउंटरवरच पावती तपासा, नंतर चकरा मारायचं त्राण नसतं.

क्लेम नाकारला तर फोनवरच्या बोलण्यावर सोडून देऊ नका, नाकारल्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली ते विचारा. आधी विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि त्यातून ईएसआय, म्हणजे सरकारी कर्मचारी विमा योजनेचा हप्ता कापला जातो त्यांनी हे नक्की बघा, कारण फार कमी लोकांना माहीत असतं. आजारपणाच्या रजेत ईएसआयकडून पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. आणि लांबणाऱ्या आजारांची जी यादी आहे त्यात स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजारही आहेत, त्यांना ८० टक्के आणि मुदत बरीच जास्त, मात्र नोकरीची दोन वर्षं झालेली असावी लागतात. ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, बाहेरचं आपोआप चालत नाही.

रजेचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ कॅज्युअल रजा आहेत, आणि २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ४५ पर्यंत साठवता येतात. सिक लीव्ह किती ते कंपनीच्या पॉलिसीत बघा. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव नको असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ‘उपचार चालू आहेत, अमुक दिवस विश्रांतीची गरज आहे’ एवढं ते लिहून देऊ शकतात. तुमची माहिती गुप्त ठेवणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे.

मॅनेजरला किती सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझं मत असं की आजार सांगू नका, काय हवंय ते सांगा. मी म्हटलं होतं, “सर, माझी ट्रीटमेंट चालू आहे, पुढचे सहा आठवडे सकाळी अकराच्या आधीचे कॉल जमणार नाहीत, काम वेळेत देईन.” त्यांनी काय झालंय विचारलं, मी म्हटलं तब्येतीचं आहे, डॉक्टर बघतायत. नंतर तेच मेलवर दोन ओळीत टाकलं, म्हणजे अप्रेझलला लक्षात नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

नोकरी सोडताय का? ग्रुप पॉलिसी त्याबरोबरच संपते, आणि उपचार चालू असताना नवीन पॉलिसी घेणं अवघड जातं. राजीनामा देण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का ते विचारा.

विम्याच्या ई-कार्डचा फोटो, पॉलिसी नंबर आणि टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) फोन नंबर आजच मोबाईलमध्ये टाका आणि घरच्या एकाला पाठवा. माझं कार्ड माझ्या आईच्या फोनमध्ये आहे, तिला त्यातलं इंग्रजी वाचता येत नाही, पण ॲडमिशन काउंटरवर काय दाखवायचं ते तिला मी दोनदा करून दाखवलंय.