सिप्रो डीएनए ‘कापतं’? व्हायवाला आणि घरी या चुका टाळा

ठाण्यात मायक्रोबायोलॉजीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलचा (बाहेरून आलेल्या परीक्षकाचा) आवडता प्रश्न: सिप्रोफ्लोक्सासिन, म्हणजे सिप्रो, हे प्रतिजैविक जिवाणूला कसं मारतं? उत्तर ठरलेलं, “सर, डीएनए कापतं.” इथेच मार्क जातात.

सिप्रो स्वतः काहीच कापत नाही. कापाकापी करतं ते जिवाणूचंच एन्झाइम, डीएनए गायरेज. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा डीएनए सरळ ताणला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल, आणि तो कोंबलेला असतो दोनेक मायक्रॉनच्या पेशीत. प्रत काढायला त्याचे दोन धागे सुटे होऊ लागले की सगळा पीळ पुढे सरकतो. पीळदार सुतळीचे दोन पदर ओढून बघा, पुढे कसा गुंता होतो ते. हा ताण उतरवायला गायरेज दोन्ही धागे तोडतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे नेतं आणि तुटलेली टोकं पुन्हा जोडतं. तोडून झालंय पण जोडायचं बाकी आहे, नेमक्या त्या क्षणी सिप्रो मध्ये जाऊन बसतं. एन्झाइम, तुटका डीएनए आणि औषध असे तिघं अडकून पडतात. मागून येणारी प्रत काढणारी यंत्रणा त्यांच्यावर आदळते, प्रत थांबते. टोकं तशीच मोकळी सुटली की पेशी मरते.

“गायरेज बंद पाडतं” हे उत्तरही म्हणूनच अर्धंच. खरं बंद पाडतं ते नोव्होबायोसिन हे दुसरं प्रतिजैविक; ते गायरेजला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वापरू देत नाही.

हेलिकेज आणि गायरेजची अदलाबदल ही तर दरवर्षीची. धागे सुटे करतं हेलिकेज, त्यामुळे पुढे साठणारा पीळ उतरवतं गायरेज. आणि टोपोआयसोमरेज-४ हे गायरेजचं भावंड एन्झाइम विसरू नका. प्रत पूर्ण झाल्यावर एकमेकांत अडकलेली डीएनएची दोन वर्तुळं तेच सोडवतं, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूत सिप्रो आधी त्यालाच धरतं. क्षयाच्या जिवाणूत मात्र ते नसतंच.

आता घरातली चूक. “गोळी गरम पडते” म्हणून आई ग्लासभर दुधाबरोबर देते. दुधातलं कॅल्शियम सिप्रोला पकडून ठेवतं आणि गोळी रक्तात कमी पोहोचते. गंमत म्हणजे गायरेजवर घट्ट बसायला सिप्रोला मॅग्नेशियमचा एक आयन लागतो, आणि त्याला धरणारी रेणूची बाजू कॅल्शियमला पकडणारीच. म्हणजे ज्या जोरावर औषध चालतं, तेच पोटात नडतं. ॲंटासिड, लोह किंवा झिंकच्या गोळ्या चालू असतील तर सिप्रो त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. सर्दी-खोकल्यासाठी मागची उरलेली स्ट्रिप शोधणाऱ्यांना काय सांगावं! विषाणूकडे गायरेज नसतंच.

प्रॅक्टिकलला जिवाणू पसरलेल्या अगारच्या प्लेटवर सिप्रोची डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) ठेवतात; तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ म्हणजे झोन. तो छोटा आला की पोरं लगेच ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारा) लिहून मोकळी. आधी प्लेट बघा. अगारची जाडी ४ मिलिमीटर हवी, पीएच ७.२ ते ७.४. माध्यम आम्लधर्मी झालं किंवा कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये प्लेट गेली तर सिप्रोचा झोन आक्रसतो. मॅग्नेशियम जास्त पडलं तरी तेच. त्याच दिवशी प्रमाणित ई. कोलायची प्लेट लावा. तिचाही झोन छोटा आला तर दोष तुमच्या माध्यमात किंवा डिस्कमध्ये.

ती प्लेट ठीक असेल तर खरा प्रतिकार समजा. ई. कोलायत बहुतेक वेळा गायरेजच्या ८३व्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल बदललेलं असतं. मॅग्नेशियमभोवतीच्या पाण्याला धरून ठेवणारं सेरीन ते हेच, त्यामुळे ते गेलं की सिप्रोची पकडच सुटते. टायफॉइडच्या जिवाणूतही याच जागी बदल होतो, आणि आपल्याकडे तो इतका पसरलाय की टायफॉइडला सिप्रोवर भिस्त ठेवत नाहीत.  अशा जिवाणूचा थोडासा प्रतिकार सिप्रोच्या डिस्कवर निसटू शकतो, त्यामुळे साल्मोनेलासाठी (टायफॉइडचा जिवाणू याच गटातला) पेफ्लोक्सासिन या सिप्रोच्याच जातीच्या औषधाची डिस्क लावा.