हाताने रंगवलेल्या लोकरीची जाळीची शाल: रंग साचू न देता कशी विणावी

नागपूरच्या इतवारीत लोकरीच्या दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘रंगीत आहे ना ताई, कोणतंही डिझाइन चालते.’ चालत नाही. पानाफुलांची नाजूक जाळी चार रंगांच्या लोकरीत विणली, तर महिनाभराच्या मेहनतीनंतर पानंही दिसत नाहीत आणि रंगही धड दिसत नाहीत. लोकर घेण्याआधी लडीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. गडद-फिकट पट्टे ठळक दिसले, तर बारीक जाळीचा विचार सोडा आणि लाटांची वीण घ्या. ती रंगांना सरळ पट्ट्यात बसू देत नाही.

100 ग्रॅमला साधारण 400 मीटर भरणाऱ्या शुद्ध लोकरीच्या दोन लड्या घ्या. 45 सेंटिमीटर रुंद आणि 180 सेंटिमीटर लांब शालीला साडेचारशे ते पाचशे मीटर धागा पुरतो. सुया 4 मिलिमीटरच्या, शक्यतो बांबूच्या, कारण जाळीचे टाके स्टीलवरून पटकन निसटतात. ओल्या पांढऱ्या फडक्यात धागा दाबून बघा. रंग उतरला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत लडी विणण्याआधीच धुऊन वाळवा.

आता मुख्य भानगड. हाताने रंगवताना लडी पसरून तिच्या भागाभागावर रंग लावतात, त्यामुळे लडीचा एक घेर, म्हणजे धाग्याचा एक पूर्ण वेढा, संपला की तेच रंग त्याच क्रमाने परत येतात. जाऊन-येऊन दोन ओळींना लागणारा धागा या घेराइतका झाला, की प्रत्येक रंग दर वेळी त्याच जागी येऊन बसतो. शालीच्या एका कडेला जांभळा ढिगारा आणि दुसऱ्या कडेला पिवळा, असं दिसतं ते यामुळे. दोष लोकरीचा नसतो, टाक्यांच्या संख्येचा असतो.

म्हणून गोळा करण्याआधी लडी दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणून घेर मोजा. समजा, 150 सेंटिमीटर आहे. मग नमुन्याचा छोटा तुकडा विणा, मधल्या 20 टाक्यांच्या दोन्ही टोकांना धाग्यावर खूण करा, उसवा आणि खुणांमधला धागा मोजा. तो 28 सेंटिमीटर भरला, तर एका टाक्याला 1.4 सेंटिमीटर लागले, म्हणजे एका घेरात सुमारे 107 टाके. याचा अर्थ ओळीत 53-54 टाके धोक्याचे, आणि त्याची दुप्पट, म्हणजे 107, तीही धोक्याची. या दोन्हींच्या मधला आकडा घ्या. 78 टाके घातले तर दोन ओळींत जवळपास दीड घेर संपतो आणि रंग दर वेळी समोरच्या बाजूला सरकतात. तुमचं माप वेगळं येईल, आकडा त्याप्रमाणे बदला. माझा हिशेब उतरवून घेऊन उपयोग नाही. (दुकानात मिळणाऱ्या मशीनवर रंगवलेल्या ‘मल्टी’ गोळ्याला घेर नसतो. तिथे एक रंग सुरू होतो तिथपासून तोच परत सुरू होईपर्यंतचं अंतर मोजा.)

त्रिकोणी शाल पहिल्या खेपेला नकोच. तिचे टाके वाढत जातात, त्यामुळे ती धोक्याच्या आकड्यावरून जातेच आणि रंग तिरके सरकतात.

एवढ्यावरही एका गोळ्यावर विसंबू नका. दोन्ही लड्यांचे गोळे करून दर दोन ओळींनी गोळा बदला. दुसऱ्या गोळ्याचा पहिला अर्धा घेर, इथे 75 सेंटिमीटर, शेपटी म्हणून सोडून पुढून विणायला घ्या. नेमकी इथेच बहुतेकांची शाल बिघडते: कडेने वर नेलेला धागा घट्ट ओढला जातो. विणताना ते कळत नाही. शाल धुऊन ताणल्यावर मधला भाग पसरतो, कड मात्र आखडून होडीसारखी वळते. मग उसवण्यावाचून इलाज नाही. बदलताना नवा धागा जुन्याच्या खालून घ्या आणि दोन ओळींच्या उंचीपेक्षा थोडा जास्त सैल सोडा. दर 20 ओळींनी कड बोटांनी ताणून बघा. मधल्या भागाइतकी ताणली गेली नाही, तर तिथेच थांबून उसवा.

वीण सोपी आहे. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके नेहमी सुलट, मधले 72 म्हणजे 18 चे चार संच. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत प्रत्येक संचाला: तीन वेळा दोन टाके एकत्र सुलट, सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, पुन्हा तीन वेळा दोन एकत्र. चौथी पूर्ण सुलट. पहिल्या दोन ओळी एका गोळ्याने, पुढच्या दोन दुसऱ्याने, आणि याच चार ओळी शेवटपर्यंत. तिसरी ओळ संपल्यावर टाके मोजा, 78 पेक्षा कमी असतील तर बहुधा कुठेतरी धागा पुढे घ्यायचा राहिला आहे. दर 20 ओळींनी चौथ्या ओळीच्या टाक्यांतून पांढरा शिलाईचा दोरा ओवून ठेवा, म्हणजे उसवताना तिथे थांबता येतं. रंगीत दोरा नको, डाग पडतो. टाके घालताना आणि बंद करताना 5 मिलिमीटरची सुई घ्या.

शेवटी शाल 20 मिनिटं थंड पाण्यात भिजवा, टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घेऊ नका, गरम पाणी आणि चोळणं यानेच लोकर आटते. गादीवर चादर टाकून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी आधी चारही कोपरे ताणा आणि मग लाटांची टोकं. ॲक्रेलिक पाण्याने असं बसत नाही, म्हणून त्यावर हा खटाटोप करू नका. पंख्याखाली, सावलीत वाळवा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत सकाळी टोचलेली शाल संध्याकाळी उचलता येते. पावसाळ्यात मात्र दोन दिवस टाचण्यांना हात लावू नका, आणि कूलर चालू असलेल्या खोलीत तर ती ठेवूच नका.