एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क : या चुका टाळा

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. तिच्यात आठवड्यातले साधारण दोन दिवस संस्थेत किंवा वस्तीत, बाकीचे वर्गात, अशी बहुतेक समाजकार्य महाविद्यालयांची रीत आहे. केसवर्क (एका व्यक्तीसोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं काम) खऱ्या अर्थाने अंगवळणी पडतं ते या दोन दिवसांत, तेही सुपरवायझरशी मोकळेपणाने बोललात तरच.

सगळ्यात महागात पडते ती रिपोर्टमधली चूक. "गृहभेट दिली, समुपदेशन केलं, प्रतिसाद चांगला मिळाला." यावर सुपरवायझर काय बोलणार? बाई काय म्हणाल्या, तुम्ही काय विचारलंत, सासूबाई आत आल्यावर बोलणं कसं बदललं, ते लिहा. आलेला राग, वाटलेली भीतीही लिहा. फक्त पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. आणि त्याच रात्री लिहा. आयसीच्या, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या वैयक्तिक चर्चेच्या, आदल्या दिवशी चार भेटी एकदम लिहायला बसलं की सगळी माणसं एकाच तोंडाने बोलू लागतात.

दुसरी चूक मायेपोटी होते. मुलगी काही सांगू लागते आणि आपण म्हणतो, "कुणाला सांगणार नाही." हे वचन देऊच नका. अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि विद्यार्थी असल्याची सूट त्यात नाही. तिला आधीच सांगा, "तुझ्या सुरक्षिततेसाठी काही गोष्टी मला पुढे सांगाव्या लागतील." खोदून खोदून विचारू नका. एजन्सीच्या (फील्डवर्कच्या संस्थेच्या) आणि कॉलेजच्या, दोन्ही सुपरवायझरांना लगेच फोन करा. आयसीच्या दिवसापर्यंत थांबू नका.

बालगृहातल्या मुलांचे फोटो स्टेटसला ठेवू नका. 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं.

संस्था नुसतं टायपिंग आणि फायली लावायचं काम देत असेल तर कुढत बसू नका, दांड्याही मारू नका. कोणत्या दिवशी किती तास कशात गेले याची नोंद ठेवा आणि ती घेऊन कॉलेजच्या सुपरवायझरना भेटा. "मला किमान एक केस आणि एक गट हवा" अशी नेमकी मागणी करा. पहिल्या महिन्यातच बोललात तर बदल होऊ शकतो. परीक्षेच्या तोंडावर कुणाच्याच हातात फारसं काही उरत नाही.

शेवटचं म्हणजे, वर्ष संपलं म्हणून अचानक गायब होऊ नका. निदान महिनाभर आधी वस्तीतल्या लोकांना तारीख सांगा, अर्धवट राहिलेल्या केसची माहिती लिहून द्या आणि त्या घरी संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन जा.