गावाकडची रेस: घोडा कसा बघायचा आणि पैसे कसे लावायचे (मेलबर्नवाल्यांसाठी)

मेलबर्नला आलेली आपली बरीचशी मंडळी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी घेतात, ऑफिसच्या स्वीपमध्ये (सगळ्यांनी पैसे काढून घोडे चिठ्ठीने वाटून घ्यायचे तो खेळ) चिठ्ठी उचलतात, टीव्हीवर ती सव्वातीन मिनिटांची रेस बघतात आणि मग पुढच्या नोव्हेंबरपर्यंत घोड्यांचं नाव काढत नाहीत. ही रेस होते त्या फ्लेमिंग्टनला प्रत्यक्ष गेलेले पण सांगतात की गर्दीत घोडा काही दिसला नाही, टोप्याच दिसल्या. मला कोणी विचारलं की रेस बघायला कुठे जाऊ, तर मी सांगतो गावाकडे जा. कायन्टन, येआ, बालनारिंग, हील्सव्हिल, वूलामाय, हँगिंग रॉक, सगळी शहरापासून तास ते दोन तासांवर. घोडा तुमच्यापासून हातभर अंतरावरून जातो, त्याचा श्वास ऐकू येतो, आणि रेस म्हणजे काय चीज आहे ते तिथे पहिल्यांदा कळतं.

मी पुण्याचा, त्यामुळे पावसाळ्यातल्या पुण्याच्या रेस आणि हिवाळ्यातली महालक्ष्मी दोन्ही लांबून पाहिलेल्या, पण इथल्या गावच्या रेसला गेलो तेव्हा मला रेसकोर्सपेक्षा जास्त आठवला तो जत्रेतला शंकरपट. तीच धूळ, तीच लाउडस्पीकरवरची एका दमात चाललेली कॉमेंट्री, तीच गावातली माणसं जी सकाळपासून दोऱ्या बांधतायत, गेटवर पैसे घेतायत आणि दुपारी सॉसेज भाजतायत. कितीतरी छोट्या क्लबांची वर्षातून एखाददुसरीच रेस असते आणि ती गावकरी स्वतः उभी करतात, म्हणून तिथे जाताना पाहुण्यासारखं जा, वागा पण तसंच.

आता दोन प्रकार असतात ते आधी समजून घ्या. एक म्हणजे नेहमीची कंट्री मीटिंग, जिथे व्यावसायिक जॉकी असतात, टॅबची (पैसे लावायच्या कंपनीची) खिडकी असते आणि टीव्हीवर पण दाखवतात. दुसरी पिकनिक रेस, जिचा सीझन साधारण इथल्या वसंतापासून (सप्टेंबर ते नोव्हेंबर) ईस्टरच्या आसपासपर्यंत चालतो, जॉकी पूर्णवेळ व्यावसायिक नसतात, घोडे खालच्या दर्जाचे असतात, बक्षिसाची रक्कम लहान असते, आणि पैसे लावायचे तर मुख्य आधार म्हणजे मैदानात छत्री लावून उभे असलेले बुकी. नवख्या माणसाने पहिल्यांदा पिकनिक रेसला जावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सगळं एका नजरेत मावतं. हँगिंग रॉक मात्र वेगळंच प्रकरण, डोंगराच्या पायथ्याशी ट्रॅक, नववर्षाचा दिवस आणि २६ जानेवारी हे त्यांचे ठरलेले दिवस, आणि ट्रॅकवर कांगारू आले म्हणून तिथली रेस रद्द करायची वेळ पण आलेली आहे. जायच्या आदल्या रात्री रेस होणार आहे का ते बघून घ्या, कडक उन्हाळ्यात उष्णतेमुळे पण रद्द होतात.

सामान काय न्यायचं तर घडीच्या खुर्च्या, सावलीसाठी गझीबो (परवानगी आहे का ते क्लबला विचारून), सनस्क्रीन, टोपी, भरपूर पाणी. काही ठिकाणी स्वतःची दारू नेता येते, काही ठिकाणी गेटवर काढून घेतात, ते तिकीट काढतानाच वाचा. खाण्याचं मी आवर्जून सांगतो, शाकाहारी माणसाला तिथे चिप्स आणि स्कोन यापलीकडे फारसं काही मिळत नाही, तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि दही-चटणीचा डबा घरून न्या. शेजारच्या गाडीच्या डिकीवर बसलेले लोक वास घेऊन चौकशी करतातच, त्यांना एक एक पुरी द्या, बदल्यात कुठला ट्रेनर फॉर्मात आहे हे कळतं, आणि ही माहिती कुठल्याही अॅपवर मिळत नाही. बायकांनी टोकदार हील घालू नका, गवतात रुततात. टोटल फायर बॅन (वणव्याच्या धोक्यामुळे आग पेटवायला बंदी) असेल तर बार्बेक्यू पेटवायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक रेसच्या आधी वीसेक मिनिटं घोडे माउंटिंग यार्डमध्ये (जॉकी जिथे घोड्यावर चढतात ते आवार) गोल फिरवतात. लोक तेव्हा बारच्या लायनीत असतात किंवा फोनवर भाव बघत असतात. तुम्ही कुंपणाला जाऊन उभे राहा, आधी घोडा बघा आणि बुकीचा भावाचा बोर्ड नंतर बघा. चाल बघा, चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतोय का, म्हणजे अंग मोकळं आहे. अंगावरची झळाळी बघा, तब्येतीत असलेल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर उन्हात गोल गोल ठिपक्यांसारखी चमक दिसते. मागच्या पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस आलाय आणि दिवस काही फार गरम नाहीये, तर तो घोडा आपली ताकद आत्ताच घालवतोय असं समजायला हरकत नाही. गरम दिवशी सगळेच घामेजतात, तेव्हा एकट्याकडे न बघता बाकीच्यांशी तुलना करा. एका घोड्याला दोन सईस दोन्ही बाजूंनी धरून चालवतायत तर तो उधळायच्या बेतात आहे. कान पुढे, नजर शांत, मान किंचित वाकवलेली, सईसाच्या बरोबरीने चालणारा, असा घोडा मला आवडतो.

एकदा बालनारिंगला एक तपकिरी घोडी होती, बोर्डावर भाव १३, कोणी विचारत नव्हतं, पण यार्डात ती इतकी ऐटीत चालत होती की मी आणि माझ्या बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि पाच-पाच डॉलर लावले. ती दुसरी आली. प्लेसचे (पहिल्या दोन-तीन घोड्यांत आल्याचे) पैसे मिळाले ते थोडेच, पण आपण डोळ्यांनी काहीतरी ओळखलं याचा जो आनंद होता तो मी अजून विसरलो नाहीये, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला हे वेड लागलं.

मग येतं रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांच्या माहितीची पुस्तिका. घोड्याच्या नावापुढे आकड्यांची माळ असते, समजा ७४x३२, ती डावीकडून उजवीकडे वाचायची, सगळ्यात उजवीकडचा आकडा म्हणजे शेवटची रेस. म्हणजे हा घोडा शेवटच्या रेसला दुसरा आला. शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे. फुली म्हणजे मधे तीनेक महिन्यांची विश्रांती, फुलीनंतर काहीच नसेल तर घोडा आराम करून आज पहिल्यांदा पळतोय, त्याचा दम किती ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. मेडन म्हणजे ज्यांनी अजून एकही रेस जिंकलेली नाही अशांची रेस, गावाकडे या खूप असतात आणि त्यात अंदाज बांधणं अवघड, मी तिथे हात आखडता घेतो. बीएम (बेंचमार्क) ५८, बीएम ६४ असं लिहिलेलं असतं त्या रेटिंगच्या रेस, चांगल्या घोड्यावर जास्त वजन, एका पॉइंटला अर्धा किलो असा हिशोब. शिकाऊ जॉकीला यातून काही किलोंची सूट मिळते, आणि छोट्या ट्रॅकवर चलाख शिकाऊ पोरगी किंवा पोरगा आणि कमी वजन ही जोडी फार वेळा कामाला येते.

ट्रॅक कसा आहे ते पण बघा. १-२ फर्म, ३-४ गुड, ५ ते ७ सॉफ्ट, ८ ते १० हेवी. पाऊस पडून गेला असेल तर चिखलात आधी पळून दाखवलंय असा घोडा शोधा, रेसबुकात त्याचा वेगळा रकाना असतो. छोट्या ट्रॅकची वळणं आवळलेली आणि शेवटची सरळ वाट आखूड, त्यामुळे मागून येऊन जिंकणाऱ्याला जागा कमी पडते, सुरुवातीपासून पुढे राहणाऱ्याला मी जास्त मान देतो.

पैशांकडे येऊ. इथे भाव दशांशात असतो, ३.५० म्हणजे एका डॉलरला साडेतीन परत, त्यात तुमचा एक डॉलर धरलेला आहे, म्हणजे नफा अडीच. बुकीकडे जो भाव असताना तुम्ही लावलात तोच तुमच्या तिकिटावर छापून येतो आणि तोच मिळतो (ऐन वेळी एखादा घोडा बाद झाला तर त्यातून ठरलेली कपात होते). टोटचं (म्हणजे टॅबच्या खिडकीवरचं) तसं नाही, तिथे सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत जातात आणि कमिशन कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, म्हणजे नक्की भाव रेस सुटल्यावरच कळतो.

बुकी कसा कमावतो हे एकदा कागदावर करून बघा. समजा आठ घोडे, भाव २.८०, ४, ५.५०, ८, ११, १६, २६ आणि ५१. प्रत्येक भावाने १०० ला भागा: ३५.७, २५, १८.२, १२.५, ९.१, ६.३, ३.८, २. बेरीज साधारण ११२.६. म्हणजे कुठलाही घोडा आला तरी १०० डॉलर परत यावेत असं सगळ्यांवर लावायचं ठरवलं तर ११२ डॉलर ६० सेंट मोजावे लागतील, वरचे साडेबारा हा बुकीचा वाटा. हा आकडा शंभरच्या जितका जवळ तितका तुमच्यासाठी बरा. म्हणून एकाच बुकीकडे धावत जाऊ नका, चार बोर्ड फिरून बघा, एकाकडे ४.२० असलेला घोडा दोन छत्र्या पलीकडे ४.६० ला मिळतो, चालायला अर्धा मिनिट लागतो.

लावायचं काय तर सुरुवातीला विन (घोडा पहिलाच यायला हवा), प्लेस किंवा ईच वे एवढंच. टोटवर आठ किंवा जास्त घोडे पळाले तर पहिले तीन प्लेस, पाच ते सात असतील तर पहिले दोनच, आणि चार किंवा कमी असतील तर प्लेस नाहीच. ईच वे म्हणजे अर्धे विनवर अर्धे प्लेसवर, तेव्हा पाच डॉलर ईच वे म्हणालात की दहा द्यावे लागतात, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. बुकी पाव भावाने प्लेस देत असेल तर ११ च्या घोड्याचा प्लेस भाव ३.५० होतो (दहाचा पाव अडीच, अधिक तुमचा एक). दुसरा आला तर साडेसतरा परत, जिंकला तर ५५ अधिक साडेसतरा, म्हणजे साडेबहात्तर. प्लेसच्या अटी प्रत्येक बुकीच्या वेगळ्या असू शकतात, आधी विचारा, कोणी रागवत नाही. ट्रायफेक्टा (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायचे) वगैरेच्या नादाला पहिल्या दिवशी लागू नका.

बुकीसमोर गेलात की नाव न घेता नंबर सांगायचा, "नंबर सिक्स, फाइव्ह डॉलर्स ईच वे", सुटे पैसे हातात तयार ठेवायचे, तिकीट हातात पडलं की तिथेच वाचायचं, नंबर, भाव, रक्कम. बाजूला झाल्यावर चूक सापडली तर उपयोग नाही. पाच डॉलर लावायला लाजू नका, गावाकडचे बुकी पाचवाल्यालाही थँक्यू म्हणतात.

तिकीट फेकू नका, हे मी कळकळीने सांगतोय. रेस संपली की लगेच पैसे मिळत नाहीत, जॉकी खोगीर घेऊन वजनाला जातात, सगळं बरोबर असेल तर लाउडस्पीकरवर "करेक्ट वेट" अशी घोषणा होते आणि मगच बुकी पैसे द्यायला लागतात. मधल्या काळात प्रोटेस्ट होऊ शकतो, म्हणजे मागच्या जॉकीची तक्रार की पुढच्याने माझी वाट अडवली. माझा घोडा एकदा नाकभर अंतराने दुसरा आला, मी वैतागून तिकीट चुरगळून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकलं, आणि दहा मिनिटांनी प्रोटेस्ट मान्य होऊन माझा घोडा पहिला ठरला. ड्रममध्ये तोवर सॉसच्या प्लेटा आणि बिअरचे कॅन पडलेले, मुलगा आणि मी दोघांनी हात घालून ते तिकीट शोधून काढलं, लाल डागासकट, आणि बुकीने ते पुसून वाचून पैसे दिले. तेव्हापासून शेवटची रेस होईपर्यंत सगळी तिकिटं शर्टच्या खिशात.

पैसे किती न्यायचे? मी घरून पाकिटात ६० डॉलर रोख नेतो, सहा रेस, रेसला दहा, आणि कार्ड गाडीत ठेवतो. हरलेले पैसे पुढच्या रेसमध्ये दुप्पट लावून काढायला जायचं नाही, यात मी चांगली शिकलेली, कमावती माणसं अडकलेली बघितली आहेत, आणि परदेशात ही गोष्ट घरच्यांपासून लपवणं फार सोपं असतं म्हणून जास्त भीती वाटते. फोनवरच्या अॅपपासून लांब राहा, गावच्या मैदानात सहा रेस झाल्या की दिवस संपतो, अॅपवर तो संपत नाही. कोणाला स्वतःबद्दल किंवा घरच्या माणसाबद्दल शंका वाटत असेल तर १८०० ८५८ ८५८ हा मदतीचा नंबर आहे, फोन फुकट आहे, आणि ऑनलाइन खाती एकदम बंद करायची असतील तर बेटस्टॉप नावाची सरकारी नोंदणी आहे. अठराच्या आतल्या मुलांनी पैसे लावायचे नाहीत, त्यांच्या हातूनही लावायचे नाहीत, त्यांना यार्डाशी घोडे निवडू द्या, कागदावर गुण लिहू द्या, तेवढ्यात पण ती रमतात.

शेवटची रेस झाली की लगेच गाडी काढू नका, गेटवर तसंही अर्धा तास रांग असते. तबेल्याकडे बाहेरून बघता येत असेल तर जा, घोड्यांना पाइपने अंघोळ घालत असतात, अंगातून वाफा निघतात, सईस पोरी नाल तपासतात, आणि जो घोडा शेवटचा आला त्याच्याही मानेवर कोणीतरी थोपटत असतं. गाडी चालवणाऱ्याने दिवसभर पिऊ नये, मर्यादा ०.०५ आणि पी प्लेटवाल्यांना (नवीन लायसन्सवाल्यांना) शून्य, गावाबाहेर पडल्या पडल्या पोलीस उभे असतात. आणि संधिप्रकाशात वेग कमी ठेवा, त्या वेळेला कांगारू रस्त्यावर येतात, एक गेला की मागून दुसरा येतोच, म्हणून पहिला गेल्यावर लगेच अॅक्सिलरेटर दाबू नका.