वजनकाटा बोलत नाही? आधी केबल बघा

प्रयोगशाळेतला जुना वजनकाटा किंवा पीएच मीटर उत्तम चालत असतो; फक्त त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट (आकडे संगणकाकडे पाठवायचं जुन्या पद्धतीचं सीरियल पोर्ट) असतं आणि नव्या लॅपटॉपला ते नसतं. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावूनही आकडे आले नाहीत, तर लगेच उपकरण दुरुस्तीला धाडू नका.

आधी कन्व्हर्टर एकटाच तपासा. त्याच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, पुटी (PuTTY) या टर्मिनल प्रोग्राममध्ये योग्य कॉम पोर्ट (कन्व्हर्टरला संगणकाने दिलेला क्रमांक) निवडा, फ्लो कंट्रोलची सेटिंग बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली आणि तार काढताच थांबली, तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर ठीक आहेत.

मग केबल. बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. संगणक ३ नंबरवरून पाठवतो, २ नंबरवर ऐकतो. उपकरणही तसंच करत असेल, तर सरळ केबलने दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. तिथे २-३ ची अदलाबदल केलेली नल मोडेम केबल लागते. दोन्ही केबली बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून मॅन्युअलमधली पिनांची आकृती बघाच.

शेवटी पुटीमधली सेटिंग; ती उपकरणाशी जुळायला हवी. बहुधा ९६०० बॉड (पाठवण्याचा वेग), ८ बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). काही काटे ७ बिटवर चालतात. पडद्यावर अगम्य चिन्हं आली की मला हायसं वाटतं: तारा जुळल्या, आता फक्त बॉड रेट किंवा पॅरिटी बदलायची.