निवृत्ती आणि वारसा नियोजन: आर्थिक सल्लागाराकडून कोणते काम करून घ्यावे

आर्थिक सल्लागाराकडे जाणारी बहुतेक माणसे ‘पैसे कुठे गुंतवू?’ हा प्रश्न घेऊन जातात. कमाईच्या वयात तो रास्तच असतो; पण निवृत्ती जवळ आली की त्याहून अवघड असे दोन प्रश्न उभे राहतात. साठवलेल्या रकमेतून दरवर्षी किती काढले तर ती शेवटपर्यंत पुरेल, आणि जे उरेल ते आपल्या पश्चात योग्य माणसांपर्यंत विनातंटा कसे पोहोचेल? या दोन प्रश्नांवर काम करून घ्यायचे असेल तर निवृत्तीच्या आठ-दहा वर्षे आधी सल्लागार गाठावा, कारण तेव्हा बचत वाढवणे, कर्ज फेडणे किंवा निवृत्ती थोडी पुढे ढकलणे हे तिन्ही मार्ग अजून मोकळे असतात.

पहिल्या भेटीतच मानधनाचा विषय काढावा आणि त्यात संकोच बाळगू नये. सल्लागाराला तुमच्याकडून ठरावीक शुल्क मिळते, तुमच्या मालमत्तेच्या काही टक्के मिळतात, की विकलेल्या योजनेवर कंपनीकडून कमिशन मिळते, हे लेखी घ्यावे. कमिशन घेणारा प्रत्येक जण अप्रामाणिक असतो असे नाही, मात्र कर्ज फेडा किंवा काहीच विकत घेऊ नका, हा सल्ला देण्यात त्याचा तोटा असतो, याचे भान ठेवावे. टक्केवारीचे शुल्क दिसायला किरकोळ वाटते. वार्षिक ८ टक्के परताव्यातून १ टक्का शुल्क वजा होत राहिले, तर २५ वर्षांनी हाती येणारी रक्कम सुमारे २१ टक्क्यांनी कमी भरते. कायद्याने ग्राहकाचे हित प्रथम पाहणे त्याच्यावर बंधनकारक आहे का, हेही विचारावे, आणि त्याची नोंदणी संबंधित नियामकाच्या यादीत आपण स्वतः तपासावी.

भेटीला जाताना मालमत्तेची यादी आणि गेल्या वर्षभराचा खरा खर्च सोबत न्यावा. अंदाजाने सांगितलेला खर्च जवळजवळ नेहमी कमी असतो, कारण दुरुस्ती, आजारपण, प्रवास असे अधूनमधून येणारे खर्च कोणी धरतच नाही. या आकड्यांवर सल्लागाराने पहिले गणित महागाईचे मांडायला हवे. ७२ ला महागाईच्या दराने भागले की खर्च दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारणपणे मिळतात; म्हणजे ६ टक्के महागाईत दर १२ वर्षांनी खर्च दुप्पट, आणि साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला चौऱ्याऐंशीव्या वर्षी आजच्या चौपट रक्कम लागणार. आयुर्मान सरासरीइतके धरून आखलेली योजना स्वीकारू नये, कारण बरीच माणसे सरासरीपेक्षा जास्त जगतात, आणि पैसे संपल्याची झळ त्यांनाच बसते.

यानंतरचा भाग सल्लागाराच्या कौशल्याची खरी परीक्षा पाहणारा आहे. विल्यम बेंगन या अमेरिकी नियोजकाने १९९४ मध्ये तिथल्या जुन्या बाजारनोंदी तपासून असे मांडले, की पहिल्या वर्षी निधीच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढून पुढे ती महागाईनुसार वाढवत नेली, तर निधी ३० वर्षे टिकतो. हा आकडा आता जगभर नियमासारखा सांगितला जातो, पण तो एका देशाच्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर बेतलेला आहे. महागाई वेगळी, कर वेगळे आणि आयुष्याचा पल्ला वेगळा असेल तर तो जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. जो सल्लागार हा आकडा कोणतीही पुस्ती न जोडता सांगतो, त्याच्याकडून पुढच्या गणिताची फारशी अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आहे.

परतावा किती मिळाला याइतकेच तो कोणत्या क्रमाने मिळाला, यालाही महत्त्व असते. १०० एककांचा निधी आहे, दर वर्षाअखेरीस ५ एकके काढायची आहेत, आणि तीन वर्षांत बाजार अनुक्रमे २० टक्के पडला, १० टक्के चढला आणि २० टक्के चढला, असे समजा. तीन वर्षांनी ८८ एकके उरतात. हेच परतावे उलट्या क्रमाने आले तर ९२.२ उरतात. काहीच न काढता पैसे पडून असते, तर दोन्ही क्रमांत १०५.६ झाले असते. निवृत्तीनंतर लगेच बाजार कोसळला की पडत्या भावात विकलेले युनिट पुढच्या तेजीत नसतात, म्हणून नुकसान भरून निघत नाही. यावरचा उपाय म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च सुरक्षित आणि सहज मोडता येणाऱ्या साधनांत ठेवायचा, आवश्यक खर्चापुरते निवृत्तिवेतन किंवा ॲन्युइटी (एकरकमी पैसे भरून पुढे ठरावीक रक्कम नियमित मिळण्याची योजना) आहे का ते पाहायचे, आणि कोणत्या खात्यातून आधी काढल्यास कर कमी बसेल याचा क्रम लेखी ठरवायचा. हे तिन्ही निर्णय सल्लागाराने कारणांसह मांडायला हवेत.

वारसा नियोजनात सल्लागाराची भूमिका वेगळी आहे. मृत्युपत्र लिहिण्याचे काम वकिलाचे. सल्लागाराने आकड्यांचा आणि कागदपत्रांचा मेळ घालायचा. खाते कोणाच्या नावावर आहे, संयुक्त नाव कोणाचे, विम्यात आणि गुंतवणुकीत नामनिर्देशन कोणाचे आणि मृत्युपत्र काय म्हणते, हे चार रकान्यांत शेजारीशेजारी मांडून घ्यावे. लग्न, घटस्फोट किंवा एखाद्याचा मृत्यू यांनंतर मृत्युपत्र बदलले जाते आणि वर्षांपूर्वीचे नामनिर्देशन तसेच राहते, हा प्रकार फार आढळतो. नामनिर्दिष्ट व्यक्ती मालक ठरते की वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी ठरते, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर अवलंबून असल्याने तेवढे वकिलाकडून लेखी घ्यावे. वारसा कराचेही तसेच. तो काही देशांत आहे, काहींत नाही.

आणखी एक प्रश्न सल्लागाराने स्वतःहून काढावा: मालमत्ता पुरेशी आहे, पण मृत्यूनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हातात पैसा येईल का? सारी संपत्ती घरात आणि जमिनीत अडकलेली असेल, तर कर, कर्ज आणि वारसांचा रोजचा खर्च भागवण्यासाठी घाईने विक्री करावी लागते. एक घर आणि तीन वारस असतील, तर कोण ठेवणार आणि इतरांना भरपाई कशातून देणार, हे हयातीतच ठरवणे बरे. क्षमता गमावण्याचा विचार तर बहुतेक आराखड्यांत नसतोच. साधे मुखत्यारपत्र अनेक कायदेव्यवस्थांत, देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निष्प्रभ ठरते. त्यानंतरही टिकणाऱ्या अधिकारपत्राची सोय आपल्याकडे आहे का, हे वेळीच विचारावे.

हा आराखडा वर्षातून एकदा आणि कुटुंबात मोठा बदल झाल्यास लगेच तपासावा. त्या बैठकीला जोडीदाराला आणि मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीलाही न्यावे, कारण पुढे सल्लागाराशी बोलण्याची वेळ त्यांच्यावर येणार आहे. सल्लागाराला पासवर्ड किंवा सह्या केलेले कोरे कागद कधीही देऊ नयेत आणि पैसे त्याच्या नव्हे, तर स्वतःच्या नावावरील खात्यातच राहतील असे पाहावे. सल्लागार तुमच्याच वयाचा असेल, तर त्याच्या निवृत्तीनंतर तुमचे काम कोण पाहणार हे विचारून त्या व्यक्तीची ओळख आताच करून घ्यावी आणि संपूर्ण आराखड्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.